दोन बोटं काच

दार लावलं की माझ्या कानात दडे बसतात.
हे मी यांना पहिल्याच दिवशी सांगितलं,
मुलुंडच्या शोरूमबाहेर,
बॉनेटवरचा हार अजून ओला होता.
म्हणाले, नवं रबर घट्ट असतं,
हवेला जायला जागा नसते,
म्हणून ती तुझ्या कानात शिरते.
वर हसले.
चौऱ्याऐंशी हप्ते आहेत. हसायलाच हवं.

तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली,
डाव्या कानावर हेडफोन.
खरखर आली की जागेवरून न उठता सांगायचे,
केबलमध्ये पाणी शिरलंय
की उंदरानं कुरतडलंय.
लाइनमन चहाची पैज लावायचे
आणि चहा पाजायचे.
तेव्हा माझ्या कानाला काही बोलू नका.

काचेखाली, डावीकडे, टक् टक् वाजतं,
फक्त रस्ता खराब असला की.
म्हणजे नेहमी.
ऐंशीला पोचलो की एक बारीक शीळ,
पण ऐंशीला आम्ही पोचतो फ्रीवेवर,
तेही रविवारी, सकाळी सातच्या आत.
आणि मागची काच उघडली की जे होतं
त्याला आवाज म्हणता येत नाही.
धब् धब् धब् धब्,
कुणीतरी सतरंजी झटकतंय
आणि आपण त्या सतरंजीत.

मला नाही बाई काही ऐकू येत, म्हणतात.
रेडिओ मोठा करतात.
मी बंद करते.
चेंबूरपर्यंत कोणी बोलत नाही,
त्यामुळे टक् टक् आणखी स्पष्ट.

भांडुपच्या सर्व्हिस सेंटरमध्ये
टाय लावलेला मुलगा म्हणाला,
मॅडम, सगळ्याच गाड्यांना असतं हे.
म्हटलं, सगळ्या गाड्या मी घेतलेल्या नाहीत.
मग त्यानं आतून ओनील तुस्कानोला बोलावलं.
वसईचा, अंगठ्याचं नख काळं पडलेलं.
तो मागच्या सीटवर बसला, डोळे मिटले,
आणि हात वर केला, गप्प राहा म्हणून.
यांना.
कांजूरपर्यंत गेलो, वळून आलो.
तो म्हणाला, काकू, प्लॅस्टिकचा आवाज नाही हा.
गोल आहे काहीतरी.
मी म्हटलं, लाकडासारखं.
त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं,
तसं एक्स्चेंज सुटल्यापासून
कुणी बघितलं नव्हतं.

एसीची जाळी निघाली.
पूजेची सुपारी. हळद जशीच्या तशी.
नणंदेच्या नातवाचे उद्योग, दुसरं कोण.
हे सुपारीकडे असे बघत राहिले
जणू ती त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलीये.

शीळ आरशाजवळची होती,
रबराची पट्टी चिकटवली, पैसे घेतले नाहीत.
आणि धब् धब्?
त्याला औषध नाही काकू, तुस्कानो म्हणाला.
मागची काच उघडली
तर समोरची, तिरक्या बाजूची,
दोन बोटं खाली घ्यायची.
एवढंच?
एवढंच. हवा आत घेतली
तर तिला बाहेरची वाटही दाखवायची.

रविवारी फ्रीवेवर, अणुशक्तीनगरचा बोगदा संपता संपता
यांनी आपल्या मागची काच खाली केली.
मुद्दाम. मी ओळखते.
धब् धब् धब् धब्.
मी काहीच केलं नाही.
शिवडीची खाडी आली, पाणी ओसरलेलं, नुसता चिखल.
धब् धब्.
मग पुढे बघतच म्हणाले,
पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय मला.
गाडी मी पसंत केलेली ना.

मी माझ्या बाजूची काच उतरवली,
दोन बोटं मोजून.
सतरंजी झटकणारा थांबला.
आत रिफायनरीचा वास आला,
आणि भलत्याच लांबून एक भोंगा, गोदीतला असावा.
कुठल्या बोटीचा गं? यांनी विचारलं.
म्हटलं, मी टेलिफोनवाली. बोटी मला कळत नाहीत.

दडे मात्र अजून बसतात.
आता मी आधी काच उतरवते,
मग दार लावते, मग काच चढवते.
हे म्हणतात, बॅटरी उतरेल.
सुपारी माझ्या पर्समध्ये आहे.